डुलुथची आर्मरी: हॉल बांधला परेडसाठी, वापरला सगळ्यांनी

आर्मरी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर शस्त्रागार येतं, जाड भिंती, कुलपं, दारावर पहारेकरी वगैरे. पण अमेरिकेतल्या लहान शहरांत आर्मरी म्हणजे बऱ्याचदा गावातला सगळ्यात मोठा हॉल असायचा. बंदुका एका खोलीत आणि बाकी सगळी मोकळी जागा, जिथे शनिवारी लोक चक्क नाचायला यायचे. मिनेसोटा राज्यात लेक सुपिरियरच्या काठावर डुलुथ नावाचं शहर आहे, तिथल्या आर्मरीची गोष्ट सांगतो, कारण एवढं काय काय बघितलेली इमारत सापडणं अवघड.

आधी थोडं मागे जावं लागेल. १९०३ साली अमेरिकन काँग्रेसने एक कायदा केला आणि राज्याराज्यांतल्या जुन्या मिलिशियांना, म्हणजे सामान्य नागरिकांच्या सैन्यतुकड्यांना, एका साच्यात बसवलं, त्यांना केंद्राचा पैसा आणि सामान मिळायला लागलं, त्यातून आजची नॅशनल गार्ड उभी राहिली. म्हणजे दिवसा दुकानात नाहीतर ऑफिसात नोकरी करायची आणि ठरलेल्या संध्याकाळी गणवेश घालून कवायत. आता डुलुथमध्ये जानेवारीत बाहेर कवायत कोण करणार, थंडी अशी की नाक गळून पडेल. म्हणून छप्पर पाहिजे, आणि शंभरेक माणसं रांगेत वळायची तर मधे खांब नकोत. १९१५ मध्ये लंडन रोडवर ही इमारत झाली. खरी गंमत त्या बिनखांबी फ्लोअरची आहे, कारण ज्या हॉलमध्ये कवायत होते तिथे काहीही होऊ शकतं.

आणि पहिली मोठी वेळ आली ती नाचगाण्याची नव्हती. १२ ऑक्टोबर १९१८. रेल्वेच्या ठिणग्यांनी कोरडं रान पेटलं, वारा सुटला आणि डुलुथजवळचं क्लोके गाव आणि आसपासचा मुलूख एका रात्रीत जळून गेला, ४५३ माणसं गेली. डुलुथचे लोक आपापल्या गाड्या घेऊन धुरात शिरले आणि मिळेल त्याला उचलून शहरात आणलं, आणि त्यातले कितीतरी जण थेट आर्मरीत. बरं, तेव्हाच इन्फ्लुएंझाची साथ जोरात, म्हणजे गर्दी करू नका असं सगळीकडे चाललेलं आणि इथे घरदार गेलेल्यांना एका छपराखाली ठेवण्यावाचून इलाज नाही. बांधून ३ वर्षं झालेली ती इमारत मदत छावणी झाली.

पुढची वर्षं भराभर सांगतो, कवायती, डान्स, मैफली, मेळावे, जे जे घरात मावत नाही ते ते इथे.

मग येतो ३१ जानेवारी १९५९. विंटर डान्स पार्टी नावाची टूर, त्यात बडी हॉली, रिची वॅलेन्स, बिग बॉपर, डिऑन असे तेव्हाचे रॉक अँड रोल गायक. टूर कोणी आखली देवाला माहीत, भर थंडीत आज इथे तर उद्या शेकडो मैल तिकडे, आणि बसचा हीटर सारखा बंद. हॉली तेव्हा २२ वर्षांचा आणि वॅलेन्स फक्त १७. डुलुथचा शो झाला, रात्रीच बस निघाली आणि विस्कॉन्सिनमध्ये हर्लीजवळ रस्त्यातच बंद पडली, आत ऊब यावी म्हणून पोरांनी म्हणे पेपर जाळले, ड्रमर कार्ल बंचचे पाय हिमदंशाने गेलेच होते, त्याला हॉस्पिटलात ठेवावं लागलं. या बसला वैतागूनच हॉलीने आयोवा राज्यातल्या क्लिअर लेक गावच्या शोनंतर छोटं विमान भाड्याने घेतलं आणि ३ फेब्रुवारीला पहाटे एकच्या सुमारास ते कोसळलं. हॉली, वॅलेन्स, बिग बॉपर आणि पायलट, चौघेही गेले. आर्मरीतला तो शो आणि मरण यात जेमतेम ३ दिवस.

डुलुथच्या त्या शोच्या रात्री गर्दीत हिबिंग नावाच्या गावाहून आलेला १७ वर्षांचा एक पोरगा उभा होता, रॉबर्ट झिमरमन, पुढे गायक बॉब डिलन झाला तोच. जन्म त्याचा डुलुथचाच, १९४१ चा.

१९६६ ला शहराने बंदराच्या काठावर नवीन अरीना-ऑडिटोरियम बांधलं. हॉकी तिकडे, मोठे शो तिकडे, पार्किंग तिकडे, मग जुन्या हॉलला कोण विचारतो. पुढे गार्डही बाहेर पडली आणि शहराच्या सार्वजनिक बांधकाम खात्याने तिथे आपलं सामान ठेवलं. आपल्याकडे जुन्या नाट्यगृहाचं गोडाऊन होतं ना, अगदी तसंच. पाडायची भाषा सुरू झाली तेव्हा गावातल्या काही लोकांनी आर्मरी आर्ट्स अँड म्युझिक सेंटर नावाची संस्था काढून ती वाचवायचा प्रयत्न सुरू केला. त्यांच्याकडचं सगळ्यात वजनदार नाव अर्थातच डिलनचं, १९१८ च्या आगीतून आलेल्यांची आठवण त्यामानाने कमी निघते, हे मला जरा खटकतं.

डिलनने मात्र स्वतःहून ती रात्र दोनदा जगासमोर काढली. १९९८ ला ग्रॅमी घेताना म्हणाला, मी हॉलीपासून ३ फुटांवर होतो आणि त्याने माझ्याकडे पाहिलं. २०१७ च्या नोबेल व्याख्यानात तेच अंतर ६ फूट झालं, आणि हिबिंगहून डुलुथ, जे फार तर पाऊणशे मैल असेल, ते १०० मैल. पण हॉलीने त्याच्याकडे पाहिलं हे दोन्ही वेळा सेम.