सार्वजनिक सायकली आणि होर्डिंगचा सौदा : थोडी पार्श्वभूमी

ॲप उघडायचं, कोड स्कॅन करायचा, सायकल काढायची आणि दुसरीकडे नेऊन लावायची, हे आता सगळ्यांना माहीत आहे म्हणून ते परत सांगत बसत नाही. या योजनांचा इतिहास बहुतेक ठिकाणी कुलपांचा इतिहास म्हणून सांगतात, आधी बिनकुलपाच्या सायकली, मग नाणं टाकायच्या, मग कार्डाच्या, मग मोबाईलच्या, पहिली पिढी दुसरी पिढी तिसरी पिढी वगैरे. माहिती बरोबर असते, पण माझ्या मते त्यात मुख्य गोष्टच राहून जाते. सायकल दुरुस्त करायला, हरवली की नवीन आणायला, रात्री ट्रकमध्ये भरून भरलेल्या स्टँडवरून रिकाम्या स्टँडवर न्यायला रोज पैसे लागतात. ते कोण देणार आणि त्याच्या बदल्यात शहराकडून काय घेणार, यावर या योजना टिकल्या किंवा बुडाल्या.

सुरुवातीचं थोडक्यात. १९६५ ला ॲमस्टरडॅममध्ये बंडखोर तरुणांच्या एका गटानं काही सायकली पांढऱ्या रंगवून रस्त्यावर ठेवल्या, पाहिजे त्यानं वापराव्यात आणि सोडून द्याव्यात. कुलूप न लावता सायकल सोडणं नियमात बसत नाही म्हणून पोलिसांनी त्या उचलून नेल्या. पुढे त्यांच्यातलाच एकजण पालिकेत निवडून गेला आणि त्यानं हीच कल्पना रीतसर प्रस्ताव म्हणून मांडली तर ती फेटाळली गेली. सत्तरच्या दशकात फ्रान्समधल्या ला रोशेलनं पिवळ्या सायकली आणल्या, १९९३ ला इंग्लंडमधल्या केंब्रिजनं हिरव्या आणल्या आणि त्या बघता बघता गायब झाल्या. १९९५ ला कोपनहेगननं २० क्रोनरचं नाणं घालून सुटणाऱ्या जवळपास १००० सायकली ठेवल्या. नाणं अडकवायचं, सायकल परत लावली की नाणं परत. पण सायकल नेली कोणी हे कळायची सोय नव्हती, आणि २० क्रोनरसाठी कोणी सायकल परत आणेलच असं नाही, त्यामुळे चोरी होत राहिली. एक गोष्ट मात्र इथे बघण्यासारखी आहे. त्या सायकलींवर प्रायोजकांच्या जाहिराती होत्या. म्हणजे जाहिरातीचा पैसा अगदी तेव्हापासून या गोष्टीत आहे.

खरी गाडी वळली ती १९९८ ला, फ्रान्समधल्या रेन शहरात. तिथे कार्ड आलं म्हणून सगळे रेनचं नाव घेतात. कार्ड महत्त्वाचं होतंच, कारण सायकल कोणाकडे आहे ते आता कळायला लागलं. पण त्याच्याइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे ही योजना बसस्टॉपवरच्या जाहिरातींच्या ठेक्याला जोडून आली होती. जाहिरात कंपनीनं बसस्टॉप आणि रस्त्यावरचे जाहिरात फलक चालवायचे आणि त्यासोबत सायकलीही द्यायच्या. २००५ ला फ्रान्समधल्याच लिओं शहरानं दुसऱ्या एका जाहिरात कंपनीबरोबर हेच मोठ्या प्रमाणावर केलं, पहिला अर्धा तास फुकट ठेवला (लोक सायकल घरी ठेवून घेत नाहीत, पटकन परत लावतात, हा त्यामागचा हेतू) आणि योजना जोरात चालली. मग १५ जुलै २००७ ला पॅरिसमध्ये वेलिब सुरू झाली, ७५० च्या आसपास स्टेशनं (म्हणजे सायकली लावायचे स्टँड) आणि सुमारे १०,००० सायकली, पुढे दोन्ही आकडे बरेच वाढले. जगभरच्या महापौरांनी पॅरिस बघूनच आपापल्या शहरात टेंडर काढली.

आता या पॅरिसच्या कराराकडे नीट बघायला पाहिजे, कारण माझ्या मते सगळा गुंता तिथेच आहे. सौदा असा होता, की कंपनीनं स्वतःच्या खर्चानं सायकली आणायच्या, स्टेशनं खणून बसवायची आणि सगळं चालवायचं, आणि बदल्यात शहरातल्या १,६२८ जाहिरात फलकांचा दहा वर्षांचा हक्क घ्यायचा. भाड्याचे आणि पासाचे पैसे मात्र पालिकेला. ऐकायला हे फारच छान वाटतं, करदात्याचा एकही युरो खर्च नाही आणि वर सायकलींचं उत्पन्नही पालिकेचं. राजकारण्यांना तर हे फारच आवडलं. पण १,६२८ फलक म्हणजे शहराच्या मालकीच्या जागेचं भाडंच आहे. ते फलक वेगळे ठेक्यावर दिले असते तर पालिकेच्या तिजोरीत दरवर्षी रोख पैसे आले असते. ते आले नाहीत म्हणजे तेवढे खर्च झाले, फक्त ते बजेटमध्ये सायकलींच्या नावावर कुठे लिहिलेले दिसत नाहीत. सायकली शहराला नक्की कितीला पडल्या हे सामान्य माणसाला सांगताच येत नाही, मग त्या महाग पडल्या की स्वस्त यावर वाद तरी कसा घालणार?

दुसरी अडचण आणखी खोल आहे. भाडं पालिकेला जाणार असेल तर जास्त लोकांनी सायकल चालवल्यानं कंपनीचं काय भलं? उलट जास्त फेऱ्या म्हणजे जास्त झीज, जास्त पंक्चर, जास्त ट्रक. कंपनीची कमाई फलकावर, सायकल हा तिच्यासाठी खर्च. दोन वर्षांत हे उघडं पडलं. चोरी आणि मोडतोड अंदाजाच्या कितीतरी वर गेली, हजारो सायकली नाहीशा झाल्या, काही नदीत सापडल्या, आणि कंपनीनं सांगितलं की हे आम्हाला परवडत नाही. शेवटी करारात दुरुस्ती झाली, ठरावीक मर्यादेच्या वर चोरीला गेलेल्या प्रत्येक सायकलीमागे पालिकेनं ४०० युरो द्यायचे आणि भाड्याच्या उत्पन्नात कंपनीलाही वाटा द्यायचा. म्हणजे "एकही युरो खर्च नाही" हे वाक्य दोन वर्षंसुद्धा टिकलं नाही. मला यात कंपनीचा लबाडपणा दिसत नाही, तिनं धंदा केला. चूक करार लिहिणाऱ्यांची होती, सायकल ही फलकांवरची भेटवस्तू असल्यासारखा तो लिहिला गेला.

तिसरी गोष्ट कोर्टाची. मुळात पहिलं टेंडर न्यायालयात अडकलं आणि प्रक्रिया पुन्हा करावी लागली, नंतर योजना पॅरिसच्या हद्दीबाहेर उपनगरात न्यायची ठरली तेव्हा प्रतिस्पर्धी कंपनी कोर्टात गेली, की मूळ ठेका फक्त पॅरिसचा होता, उपनगरांचं वेगळं टेंडर काढा. शेवटी वरच्या कोर्टानं परवानगी दिली पण वेळ गेलाच. सायकलस्वाराला महापालिकेची हद्द दिसत नाही, त्याला ऑफिस गाठायचं असतं, पण फलकांचा ठेका हद्दीप्रमाणे असतो आणि सायकली त्या ठेक्याला बांधलेल्या, त्यामुळे हद्द संपली की सायकलही संपली.

दुसरी बाजूही सांगायला हवी. जाहिरातीच्या पैशाशिवाय त्या काळात एवढ्या सायकली एवढ्या लवकर रस्त्यावर आल्या नसत्या, हे मान्य आहे. २००९ ला डब्लिननं याच पद्धतीनं ४५० सायकली आणि ४० स्टेशनांनी सुरुवात केली, फुटपाथवर फलक आले म्हणून ओरड झाली, पण लोकांना सायकली मनापासून आवडल्या आणि योजना वाढत गेली. लहान आकार, एकच गजबजलेला मध्यभाग, तिथे हा सौदा चालून गेला.

त्याच काळात वेगळे रस्तेही निघाले होते. बार्सिलोनानं २००७ ला सायकलींसाठी रस्त्यावरच्या पार्किंगचे पैसे वापरले, जे मला सगळ्यात न्याय्य वाटतं, गाडी उभी करणाऱ्याच्या पैशातून सायकल चालणार. (तिथली अडचण वेगळी, शहर उताराचं, सकाळी सगळे सायकलनं खाली समुद्राकडे जातात आणि वर येताना बस पकडतात, त्यामुळे ट्रक सतत सायकली वर चढवत असतात. पॅरिसनं याच त्रासावर टेकडीवरच्या स्टेशनात सायकल लावणाऱ्याला १५ मिनिटं जास्तीची फुकट द्यायला सुरुवात केली होती.) चीनमधल्या हांगझौनं २००८ ला सरकारी कंपनी काढली, बसच्या कार्डावर सायकल, पहिला तास फुकट, आणि काही वर्षांतच तिथल्या सायकलींची संख्या पॅरिसच्या पुढे गेली. पालिकेनं स्वतः उतरायचं ठरवलं तर काय होतं ते तिथे दिसतं. पण बाहेरच्या लेखांत हांगझौला चार ओळी आणि पॅरिसला चार पानं मिळतात.

इंग्रजी बोलणाऱ्या शहरांनी फलकांऐवजी बँक धरली. लंडन २०१०, एका बँकेनं पाच वर्षांसाठी २५ दशलक्ष पौंड कबूल केले. न्यूयॉर्क २०१३, दुसऱ्या बँकेनं ४१ दशलक्ष डॉलर दिले आणि योजनेचं नावच बँकेच्या नावावरून पडलं. या दोन्ही ठिकाणची सायकल आणि स्टेशन मॉन्ट्रियलचं होतं. तिथे २००९ ला सौर पॅनेलवर चालणारं, न खणता नुसतं ठेवता येणारं स्टेशन तयार झालं होतं, हिवाळ्यात बर्फ पडायच्या आत ते उचलून गोदामात ठेवता यायचं. फार हुशारीचं डिझाइन होतं ते. पण शहरानं काढलेली संस्था परदेशी शहरांना माल विकत सुटली, पालिकेनं तिला कोट्यवधी डॉलरचं कर्ज दिलं, प्रांतिक सरकारनं परदेशातला धंदा विकायला लावला, सॉफ्टवेअर बदलण्यावरून जुन्या पुरवठादाराशी भांडण, त्यात गिऱ्हाईक शहरांनी पैसे अडवले आणि जानेवारी २०१४ ला संस्थेनं दिवाळं काढलं. मॉन्ट्रियलमधली योजना मात्र पालिकेनं हातात घेतली आणि ती आजही चालू आहे.

हेल्मेटचं एका वाक्यात, मेलबर्नमध्ये २०१० ला योजना आली पण हेल्मेट सक्तीचं, अचानक सायकल घेणाऱ्याकडे हेल्मेट कुठून येणार, ती २०१९ ला बंद पडली; मेक्सिको सिटीनं त्याच वर्षी, २०१० ला योजना आणली आणि सक्तीच काढून टाकली, ती वाढतच गेली.

मग आलं डॉकलेस, म्हणजे स्टँड नसलेलं. हे काही नवीन नव्हतं, म्युनिकमध्ये २००० पासून फोन करून कोड घ्यायचा आणि चौकात सायकल सोडायची अशी सोय होती. नवीन होता तो पैशाचा स्रोत. चीनमध्ये एका विद्यापीठाच्या आवारात २०१४ ला सुरू झालेली एक कंपनी आणि २०१६ ला शांघायमध्ये उतरलेली दुसरी, यांच्यामागे गुंतवणूकदारांचे ढीगभर पैसे होते आणि शिवाय प्रत्येक गिऱ्हाईकाचं डिपॉझिट, एकीचं सुरुवातीला ९९ युआन, दुसरीचं २९९. फलक नको, पार्किंगचे पैसे नको, पालिकेची परवानगीही नको. फुटपाथ मात्र शहराचाच. २०१७ मध्ये चिनी शहरांत लाखोंनी सायकली ओतल्या गेल्या आणि त्याच वर्षी मोठ्या शहरांनी नवीन सायकली टाकायला बंदी घातली. त्या वर्षाअखेर कंपन्या बुडायला लागल्या, डिसेंबर २०१८ मध्ये पहिल्या कंपनीच्या ऑफिसबाहेर डिपॉझिट परत मागणाऱ्यांची रांग लागली आणि ॲपवरची रांग तर एक कोटीच्या वर गेली. या भानगडीत सगळ्यात जास्त फोटो छापले गेले ते मोकळ्या मैदानात रचलेल्या सायकलींच्या डोंगरांचे, पण मला तो डिपॉझिटचा भाग जास्त गंभीर वाटतो, कारण तो साध्या माणसांचा पैसा होता. यातून शहरं एक गोष्ट शिकली, आता परवाना, सायकलींच्या संख्येवर मर्यादा आणि ठरलेल्या जागेतच पार्किंग हे बहुतेक ठिकाणी असतं. सिंगापूरनं २०१८ मध्ये कायदाच केला आणि पुढच्या वर्षीपासून पार्किंगच्या जागेवरचा कोड स्कॅन केल्याशिवाय फेरी संपणार नाही असं केलं.

इकडे पॅरिसचा दहा वर्षांचा ठेका संपला. पालिकेनं जी गोष्ट आधीच करायला हवी होती ती या वेळी केली, फलक वेगळे आणि सायकली वेगळ्या, आणि उपनगरांना सुरुवातीपासून सोबत घेतलं. नवीन ऑपरेटर आला, जवळपास ३० टक्के सायकली इलेक्ट्रिक ठरल्या. आणि १ जानेवारी २०१८ ला ठरलेल्या ६०० स्टेशनांपैकी शंभरसुद्धा उघडली नाहीत. जुनी स्टेशनं उखडायची, त्याच जागी नवीन बसवायची आणि प्रत्येकाला वीज जोडायची, हे सगळं काही महिन्यांत उरकायचं ठरवलं होतं. वीज नसल्यानं स्टेशनं बॅटरीवर चालवली, बॅटऱ्या उतरल्या की सायकली सुटेनात, वसंतात कामगारांचा संप झाला, मे महिन्यात वीज नसलेल्या स्टेशनांवरच्या इलेक्ट्रिक सायकली काढून घ्याव्या लागल्या. लोकांनी हजारोंनी पास रद्द केले. तेव्हा खूप जणांनी लिहिलं की बघा, जाहिरातवालेच बरे होते. मला हा निष्कर्ष अजिबात पटत नाही. घोळ झाला तो कामाच्या घाईचा होता, पैसे वेगळे केल्याचा नाही. पुढच्या वर्षभरात वीज जोडली गेली, सायकली परत आल्या आणि लोकही परत आले, आणि आता निदान योजनेचा खर्च किती आणि तो कोण देतं हे आकड्यात मांडता येतं.

स्पॉन्सरवाल्या शहरांचं काय झालं ते अलीकडे दिसायला लागलंय. अमेरिकेतल्या मिनियापोलिसमध्ये २०१० पासून चाललेली योजना २०२३ ला बंद झाली कारण विमा कंपनीनं स्पॉन्सरशिप सोडली, सायकली वापरणारे लोक होतेच. न्यूयॉर्कची योजना प्रचंड वाढली, पण शहर त्यात पैसे घालत नाही ही मूळ अट तशीच असल्यानं, आणि बॅटरी बदलत फिरण्याचा खर्च मोठा असल्यानं, इलेक्ट्रिक सायकलचं मिनिटाचं भाडं एकापेक्षा जास्त वेळा वाढलं. लांबच्या वस्तीतल्या माणसाला ते बस-मेट्रोच्या तिकिटापेक्षा महाग पडतं, आणि बस-मेट्रोला जसे सरकारी पैसे मिळतात तसे सायकलींनाही द्यायचे का, यावर तिथे आता उघडपणे वाद चालू आहे.