राउटरचे पान उघडताना ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ असे आले तर

वाय-फायचा पासवर्ड बदलायचा म्हणून ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकावे आणि राउटरच्या पानाऐवजी ‘युअर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट’ असा इशारा यावा, ही तक्रार घेऊन बरेच ग्राहक येतात. बहुतेक वेळा राउटर बिघडलेला नसतो आणि तो कुणी हॅकही केलेला नसतो. तरीही न वाचता पुढे जाऊ नका. इशाऱ्याखाली बारीक अक्षरांत एक कोड असतो, तो आधी पाहा.

कोडमध्ये ‘ऑथॉरिटी इनव्हॅलिड’ किंवा ‘सेल्फ साइन्ड’ असेल तर

बँकेच्या साइटचे सर्टिफिकेट, म्हणजे तिच्या ओळखीचा डिजिटल दाखला, ब्राउझरच्या ओळखीच्या संस्थेने दिलेले असते. घरच्या राउटरला तसे मिळत नाही, कारण १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते घरोघरी तेच असतात. अशा खासगी पत्त्यांसाठीची सर्टिफिकेट या संस्थांनी ऑक्टोबर २०१६ पासून पूर्ण बंद केली आहेत. म्हणून राउटर स्वतःच्या दाखल्यावर स्वतःच सही करतो आणि ब्राउझर ती मानत नाही.

इथे पुढे जायला हरकत नाही, पण खात्री करून. लॅपटॉप लॅन केबलने राउटरला जोडा आणि वाय-फाय बंद करा. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा द्या. ‘डिफॉल्ट गेटवे’समोरचा पत्ता आणि तुम्ही टाकलेला पत्ता एकच हवा. फायबर कंपनीचा डबा वेगळा आणि तुमचा राउटर वेगळा असेल, तर दोघांचे पत्तेही वेगळे असतात. चुकीच्या डब्याचे पान उघडून पासवर्ड चालत नाही म्हणणारे कमी नाहीत. पत्ता जुळला की क्रोममध्ये ‘ॲडव्हान्स्ड’ आणि मग ‘प्रोसीड’ दाबा. फायरफॉक्समध्ये ‘ॲक्सेप्ट द रिस्क अँड कंटिन्यू’. क्रोम काही दिवसांनी पुन्हा विचारतो, फायरफॉक्स सहसा लक्षात ठेवतो.

राउटरचे सर्टिफिकेट विंडोजच्या विश्वासू यादीत टाकून इशारा कायमचा घालवण्याचा उपाय इंटरनेटवर सुचवलेला दिसेल. कंपनीतून आलेल्या सर्टिफिकेटसाठी तो करू नका, असे आम्ही आग्रहाने सांगतो. कित्येक मॉडेलमध्ये प्रत्येक नगात एकच गुप्त किल्ली भरलेली असते. ती एकाच्या हाती लागली की तुमचा संगणक त्याच्यावरही विश्वास ठेवेल.

‘डेट इनव्हॅलिड’ असेल तर

आधी संगणकाचे घड्याळ पाहा. बँक, बातम्या, सगळ्याच साइटवर इशारा येत असेल तर दोष घड्याळातच आहे. जुन्या डेस्कटॉपमधला सीआर २०३२ हा नाण्याएवढा सेल संपला की बंद करून चालू करताच तारीख मागे जाते. सेल बदला, तारीख दुरुस्त करा.

फक्त राउटरच्याच पानावर येत असेल तर कारण निराळे. बहुतेक घरगुती राउटरमध्ये घड्याळ चालू ठेवणारी बॅटरी नसते. लाईट गेली की वेळ जाते आणि इंटरनेट आल्यावरच ती परत मिळते. पावसाळ्यात लाईट जात-येत असताना राउटर रिसेट झाला, तर काही मॉडेल त्या चुकीच्या वेळेचेच, अगदी १९७० सालचे, सर्टिफिकेट बनवून ठेवतात. इंटरनेट सुरू करून दहा मिनिटे थांबा, सेटिंगमध्ये तारीख बरोबर आल्याचे पाहा, सर्टिफिकेट नव्याने बनवायची सोय असेल तर वापरा आणि राउटर पुन्हा सुरू करा.

पुढे जाण्याचे बटणच नसेल तर

‘व्हर्जन ऑर सायफर मिसमॅच’ म्हणजे राउटर जुना आहे. टीएलएस १.० आणि १.१ या माहिती गुप्तपणे पाठवण्याच्या जुन्या पद्धती मुख्य ब्राउझरनी २०२० पासून सोडायला सुरुवात केली. पत्त्याआधी एचटीटीपी (माहिती गुप्त न ठेवणारी साधी जोडणी) लिहून पान उघडते का पाहा, आणि उघडले तर पहिले काम फर्मवेअर, म्हणजे राउटरमधले सॉफ्टवेअर, अपडेट करण्याचे. कंपनीने अपडेट देणे थांबवले असेल तर राउटर बदला. तो दुरुस्त करण्यात अर्थ नाही.

फायरफॉक्समध्ये ‘रीयूज्ड इश्युअर अँड सीरियल’ हा कोड बहुधा रिसेटनंतर येतो. राउटरने नवे सर्टिफिकेट जुन्याच क्रमांकाने बनवलेले असते. सेटिंगमधील ‘व्ह्यू सर्टिफिकेट्स’ उघडून राउटरची जुनी नोंद काढा आणि फायरफॉक्स बंद करून पुन्हा सुरू करा.

पर्यटकांना खोल्या देणाऱ्यांसाठी

कळंगुट असो की मोरजी, पाहुणे आणि मालक एकाच वाय-फायवर असतील तर एचटीटीपीने टाकलेला राउटरचा पासवर्ड दुसऱ्याला वाचता येऊ शकतो. पाहुण्यांसाठी गेस्ट नेटवर्क वेगळे करा, आणि राउटरची सेटिंग केबल लावूनच बदला. हॉटेलच्या किंवा कॅफेच्या वाय-फायवर बँकेच्या, ईमेलच्या साइटला असा इशारा आला तर ‘प्रोसीड’ अजिबात दाबू नका. मोबाइल डेटावर जा.

एवढे करूनही अडले तर इशाऱ्याचा पूर्ण फोटो, कोड स्पष्ट दिसेल असा, आणि राउटरखालच्या स्टिकरवरचे मॉडेल व हार्डवेअर व्हर्जन आम्हाला पाठवा. स्टिकरवर पासवर्डही छापलेला असतो. फोटो काढताना तो झाका.