सॉफ्टवेअर रिलीज व्यवस्थापन

सॉफ्टवेअरमध्ये सतत होत असलेल्या बदलांमधून काही बदल निवडून, तपासून, आवृत्ती क्रमांक देऊन ते वापरकर्त्यांच्या हाती सोपवण्याची पद्धत. आज हे काम बहुतेक ठिकाणी गिट या कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीतल्या ब्रँच (मूळ प्रवाहापासून वेगळा काढलेला कोडचा फाटा), बदल तपासणीसाठी मांडणारी पुल रिक्वेस्ट आणि नव्या आवृत्तीसोबत दिल्या जाणाऱ्या रिलीज नोट्स यांच्या आधाराने चालते.

अडचण मुळात एवढीच, की कोड रोज बदलतो आणि तो वापरणाऱ्याला मात्र रोज बदलणारी वस्तू नको असते. म्हणून कुठेतरी रेघ मारावी लागते. रेघेच्या आत काय घ्यायचे हे ठरवणे सोपे असते. दोन दिवसांत तयार होणारी, सगळ्यांना हवीहवीशी वाटणारी सोय बाहेर ठेवणे अवघड जाते, आणि रिलीजची जबाबदारी असलेल्या माणसाचे खरे काम तेच.

बदलांची नोंद ठेवणारी साधने गिटच्या कितीतरी आधीपासून होती. बेल लॅब्समध्ये १९७२ साली एससीसीएस तयार झाले, १९८०च्या दशकात आरसीएस व सीव्हीएस आले. या जुन्या साधनांमध्येही ब्रँच काढता येत असे, पण ती मूळ प्रवाहात परत मिसळताना घाम फुटायचा, कारण आधी काय मिसळून झाले आहे याचा हिशेब साधन ठेवत नसे. सबव्हर्जन या नंतरच्या साधनात असा हिशेब ठेवण्याची सोय २००८ साली, १.५ या आवृत्तीत आली. दरम्यान २००५ मध्ये बिटकीपर या साधनाचा मोफत वापर बंद झाल्यावर लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्स कर्नलसाठी, म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यासाठी, गिट लिहिले. गिटमधली ब्रँच म्हणजे एका कमिटकडे, म्हणजे नोंदवलेल्या बदलाकडे, बोट दाखवणारे नाव, बाकी काही नाही. ती काढायला क्षणही लागत नाही. त्यामुळे ब्रँच भरमसाट वाढल्या, आणि त्या वेळेवर बंद करणे ही नवी डोकेदुखी झाली.

व्हिन्सेंट ड्रिसेन यांनी २०१० मध्ये मांडलेली, पुढे गिटफ्लो या नावाने रूढ झालेली रचना बरीच वर्षे प्रमाण मानली गेली. तीत मास्टर आणि डेव्हलप या दोन कायमच्या ब्रँच असतात आणि फीचर (नवी सोय), रिलीज व हॉटफिक्स (तातडीची दुरुस्ती) या तात्पुरत्या. २०२० मध्ये खुद्द ड्रिसेन यांनीच मूळ लेखाला टीप जोडली, की सतत अद्ययावत होणाऱ्या वेब ॲप्लिकेशनसाठी याहून साधी पद्धत निवडावी. ते योग्यच होते. ज्या सॉफ्टवेअरची एका वेळी एकच आवृत्ती चालू असते, तिथे एवढा पसारा नुसता ओझे होतो. अशा ठिकाणी मेन ही एकच मुख्य ब्रँच ठेवून, दोन-तीन दिवसांत संपणाऱ्या छोट्या ब्रँच तिच्यात मिसळतात. अर्धवट सोय कोडमध्ये असली तरी फीचर फ्लॅगने, म्हणजे सोय चालू-बंद करणाऱ्या कोडमधल्या कळीने, बंद ठेवली जाते. याउलट ग्राहकांकडे जुन्या आवृत्त्या वर्षानुवर्षे चालत असतील, तर प्रत्येकीची स्वतंत्र रिलीज ब्रँच सांभाळण्यावाचून गत्यंतर नसते.

रिलीज ब्रँच काढली की तिच्यात नव्या सोयी येणे थांबते. फक्त दुरुस्त्या येतात. इथे एक नियम कटाक्षाने पाळावा लागतो: दुरुस्ती आधी मेनमध्ये, मग तिथून चेरी-पिक करून, म्हणजे तेवढाच कमिट उचलून, रिलीज ब्रँचमध्ये. घाईत उलटे केले जाते, मेनमध्ये न्यायचे राहून जाते आणि सुधारलेला बग पुढच्या आवृत्तीत पुन्हा हजर होतो. लिनक्स कर्नलच्या स्थिर आवृत्त्यांमध्ये दुरुस्ती घेण्याची अटच अशी आहे, की ती मुख्य शाखेत आधी आलेली असली पाहिजे. कर्नलचे वेळापत्रकही पाहण्यासारखे आहे. नवे बदल घेण्यासाठी साधारण दोन आठवड्यांची खिडकी उघडते, ती मिटली की दर आठवड्याला एक रिलीज कॅन्डिडेट, म्हणजे चाचणीसाठीची संभाव्य अंतिम आवृत्ती, निघतो आणि नऊ-दहा आठवड्यांत आवृत्ती बाहेर पडते. खिडकी चुकलेल्याला पुढची आहेच, त्यामुळे अर्धाकच्चा कोड आत रेटण्याची धडपड कमी होते.

पुल रिक्वेस्ट गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळामुळे सर्वांच्या परिचयाची झाली. गिटलॅबवर तिला मर्ज रिक्वेस्ट म्हणतात. काय बदलले, का बदलले, कशाला धक्का लागू शकतो हे तिच्यात लिहिलेले असते. सहकारी रिव्ह्यू करतात, स्वयंचलित चाचण्या धावतात, आणि दोन्ही पार पडेपर्यंत मर्जचे, म्हणजे मिसळण्याचे, बटण चालू होऊ नये अशी तजवीज मुख्य ब्रँचवर करता येते. रिव्ह्यूचा कस मात्र आकारावर ठरतो. दोन हजार ओळींची रिक्वेस्ट कोणी नीट वाचत नाही. ‘ठीक दिसते’ एवढा शेरा मिळतो.

मिसळताना सगळे कमिट एकत्र करून एकच कमिट ठेवला, म्हणजे स्क्वॉश केले, तर ब्रँचचा आतला इतिहास जातो, पण नको झालेला बदल मागे घेणे सोपे होते. स्क्वॉश न करता मिसळल्यावर तयार होणारा मर्ज कमिट मागे घेण्यात एक छुपा सापळा आहे. रिव्हर्टनंतर, म्हणजे तो मागे घेतल्यावर, तीच ब्रँच पुन्हा मर्ज केली, तर आधीचे बदल परत येत नाहीत, कारण गिटच्या लेखी ते मिसळून झालेले असतात. त्यासाठी त्या रिव्हर्टचाच रिव्हर्ट करावा लागतो.

तयार कोडवर टॅग, म्हणजे ठरावीक कमिटला दिलेले नाव, लावून आवृत्ती ठरते. सिमँटिक व्हर्जनिंगनुसार क्रमांकाचे तीन भाग असतात: जुन्याशी न जुळणारा बदल केला तर पहिला वाढतो, सुसंगत नवी सोय दिली तर दुसरा, नुसती दुरुस्ती असेल तर तिसरा. हे अंक दशांश अपूर्णांक नव्हेत; १.९.० नंतर १.१०.० येते. उबुंटू या ऑपरेटिंग सिस्टिमने क्रमांकात वर्ष आणि महिना घातला, म्हणून २००६ मधली एप्रिलची आवृत्ती लांबली तेव्हा ती ६.०६ झाली. टेक (TeX) या अक्षरजुळणीच्या प्रणालीचा क्रमांक तर दर आवृत्तीला पाय (π) या गणिती संख्येच्या किमतीकडे एकेक अंकाने सरकतो. दुसऱ्या कोणी अनुकरण करावे असे ते नाही.

रिलीज नोट्स म्हणजे कमिटची यादी नव्हे. वाचणाऱ्याला एकच जाणून घ्यायचे असते: अपग्रेड केले तर माझे काय मोडेल? म्हणून सुसंगती तोडणारे बदल आणि त्यासाठी वापरकर्त्याने करायची कामे सर्वांत वर हवीत. ‘विविध सुधारणा व बग दुरुस्त्या’ हे वाक्य लिहिण्यापेक्षा जागा कोरी सोडलेली बरी. नोट्स रिलीजच्या आदल्या दिवशी लिहायला बसले, की तीन आठवड्यांपूर्वीच्या बदलाचे कारण कोणालाच आठवत नाही. ते पुल रिक्वेस्टमध्येच लिहून घ्यावे लागते. पण सगळ्यांनी एकाच चेंजलॉग (बदलांची नोंद) फाइलमध्ये एकाच जागी ओळ घातली, तर दर मर्जला कॉन्फ्लिक्ट येतो, म्हणजे कोणती ओळ ठेवायची हे गिटला ठरवता येत नाही. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या प्रकल्पाने यावर चांगला तोडगा काढला: प्रत्येक बदलाची नोंद वेगळ्या छोट्या फाइलमध्ये ठेवायची आणि रिलीजच्या वेळी ब्लर्ब या साधनाने त्या एकत्र करायच्या. गिटहब पुल रिक्वेस्टच्या शीर्षकांवरून नोट्स आपोआपही बनवून देते, मात्र शीर्षके ‘फिक्स’, ‘आणखी फिक्स’ अशी असतील तर नोट्सही तशाच निघतात.

सुरक्षेच्या दुरुस्त्यांना वेगळा रस्ता असतो. उघड पुल रिक्वेस्ट हीच त्रुटीची जाहिरात ठरते, म्हणून काम खासगी ब्रँचवर होते आणि दुरुस्त आवृत्तीबरोबरच सीव्हीई (सुरक्षा त्रुटींची सार्वजनिक यादी) क्रमांकासह माहिती जाहीर केली जाते.

सदोष रिलीज बाहेर पडल्यास टॅग हलवून त्याच क्रमांकाखाली दुसरा कोड देऊ नये. आधी उतरवून घेतलेल्यांकडे जुनाच राहतो आणि एका नावाच्या दोन वस्तू फिरू लागतात. नवा क्रमांक काढावा. पायथनच्या पायपीआय या भांडारात असे रिलीज ‘यँक’ करता येते: नेमका तोच क्रमांक मागणाऱ्याला ते मिळत राहते, बाकीच्यांसाठी निवडले जात नाही.