खाणं शिकवणारा गेम आणि खाऊ विकणारा गेम

प्ले स्टोअरवर मुलांसाठी खाण्याचे गेम शोधले की दोन जातीचे गेम एकाच रांगेत दिसतात, दोन्हीत रंगीत फळं, दोन्हीत गोबरं कार्टून, दोन्ही फुकट, आणि आपल्याला वाटतं बरंय, निदान मारामारी तरी नाही. पण पहिला गेम पोराला काय खायचं ते निवडायला लावतो. दुसरा कुठल्यातरी बिस्किट, चॉकलेट नाहीतर कोल्ड्रिंकची जाहिरात असतो, फक्त ती बघायची नाही तर खेळायची. याला ॲडव्हरगेम म्हणतात.

टीव्हीवरची जाहिरात अर्ध्या मिनिटात संपते, इथे पोरगं स्वतःच तेच पाकीट गोळा करत बसतं, पॉइंट मिळाले की खूश, आणि ही जाहिरात आहे हे लहान पोरांच्या लक्षातच येत नाही. म्हणून ब्रिटनमध्ये 2017 पासून जास्त साखर-मीठ-चरबीच्या पदार्थांच्या जाहिराती मुलांसाठीच्या ऑनलाइन माध्यमांत चालत नाहीत, त्यात हे गेमही आले.

आता शिकवणारा गेम. 'फूया' म्हणून एक मोबाईल गेम आहे, त्याची चाचणी चेन्नईत 10-11 वर्षांच्या 104 मुलांवर झाली, काहींनी दोन वेळा 20-20 मिनिटं हा गेम खेळला आणि बाकीच्यांनी उनो हा पत्त्यांचा खेळ, नंतर खायला काय घेणार म्हणून पुढे ठेवलं तेव्हा फूयावाल्यांनी जास्त चांगलं निवडलं. पण हे खेळ झाल्या झाल्या मोजलेलं, त्यामुळे घरी भाजीच्या ताटाशी भांडण थांबेलच असं समजू नका. अमेरिकेत 'स्क्वायर्स क्वेस्ट' नावाचा कॉम्प्युटर गेम शाळांत पाच आठवडे खेळवला, 2003 मध्ये निकाल आला, मुलांचं फळं-ज्यूस-भाजी मिळून दिवसाला साधारण एक सर्व्हिंग (एका वेळचा वाटा) वाढलं. त्यात पोरांना खाण्याचं टार्गेट ठरवून ते पाळायचं होतं, नुसतं स्क्रीनवर बोट फिरवणं नव्हतं, माझ्या मते खरी जादू तिथेच आहे.

खरी गंमत नेदरलँड्समधल्या अभ्यासाची. 2013 मध्ये 8 ते 10 वर्षांच्या मुलांना ॲडव्हरगेम खेळायला दिले, काहींना गोड खाऊचा, काहींना फळांचा. फळांचा गेम खेळलेल्या पोरांनीही नंतर फळं नाही, चॉकलेट-गोळ्याच जास्त खाल्ल्या! म्हणजे स्क्रीनवर सफरचंद दिसलं म्हणून गेम चांगला, हे विसरा.

मग ओळखायचं कसं? गेममध्ये खाण्याचं होतं काय ते बघा. बर्गर खाल्ल्यावर हिरो मंद होत असेल, काय निवडलं त्यावर पुढचा खेळ बदलत असेल तर तो पहिल्या जातीचा. खाणं म्हणजे नुसती नाणी, आणि कोपऱ्यात लोगो, तर दुसऱ्या. बनवणाऱ्याचं नाव पण वाचा.

एक तक्रार मात्र दोन्हींबद्दल आहे. सगळीकडे ब्रोकोली नि ब्लूबेरी, आमच्या गोव्यातली पोरं जेवतात तांबडी भाजी (लाल माठ) आणि अळसांदे (चवळीसारखं कडधान्य). कोणी माटोळीवर गेम काढा ना राव, म्हणजे चवथीला (गणेश चतुर्थीला) गणपतीच्या वर बांधतात ती फळा-भाज्यांची सजावट, नीरफणस, तोरिंजण, आंबाडे, सुपारीचे घड, सगळं तिथे टांगलेलं असतं आणि पोरांना निम्म्यांची नावं येत नाहीत.

आणि हो, चांगल्या फुकट गेममध्येही मध्येच चिप्सची जाहिरात उगवते. इंटरनेट बंद करून खेळायला दिलं की बऱ्याचदा ती जाते, पण काही गेम मग उघडतच नाहीत, ते सरळ काढून टाका.