एकाच सापाच्या दोन लढाया

अमेरिकेच्या स्वातंत्र्यलढ्याची खूण म्हणून मिरवला जाणारा तुकड्यातुकड्यांचा साप मुळात ब्रिटिशांविरुद्ध काढलेलाच नव्हता. ९ मे १७५४ रोजी बेंजामिन फ्रँकलिनच्या 'पेनसिल्व्हेनिया गॅझेट'मध्ये तो छापून आला, तेव्हा शत्रू होते फ्रेंच. अमेरिकेतल्या ब्रिटिश वसाहती अशाच विखुरलेल्या राहिल्या तर फ्रेंच एकेकीला गिळतील, हा त्यातला इशारा. सापाचे आठ तुकडे, त्यांवर वसाहतींची आद्याक्षरं आणि खाली 'जोडले जा, नाहीतर मरा'. कापलेला साप सूर्यास्ताआधी जोडून ठेवला तर पुन्हा जिवंत होतो, अशी तिकडे समजूत होती.

१७६५ मध्ये लंडनच्या संसदेने स्टँप कायदा केला. वर्तमानपत्रं, करारनामे, पंचांगं, इतकंच काय, पत्त्यांच्या कॅटवरही कर! छापखानेवाले आणि वकील, म्हणजे ज्यांचा आवाज सगळ्यात मोठा, त्यांच्याच पोटावर पाय आला. ३१ ऑक्टोबरला 'पेनसिल्व्हेनिया जर्नल'ने आपलं पहिलं पान थडग्याच्या दगडासारखं सजवलं आणि मुद्रांकाच्या जागी कवटी छापली. सापही त्याच वर्षी पुन्हा बाहेर आला, आता संसदेविरुद्ध.

सत्तेची अशी टर उडवणं नवं नव्हतं. गव्हर्नर कॉस्बीवर तुटून पडणारं वर्तमानपत्र छापणाऱ्या जॉन पीटर झेंगरला न्यूयॉर्कच्या ज्यूरीने १७३५ मध्येच निर्दोष सोडलं होतं. बदनामीचा कायदा तोच राहिला, मुद्रकांची भीड मात्र चेपली.

पण थट्टा कुठे संपते आणि प्रचार कुठे सुरू होतो? ५ मार्च १७७० च्या रात्री बॉस्टनमध्ये ब्रिटिश सैनिकांनी जमावावर गोळ्या झाडल्या, पाच जण दगावले. चांदीकाम करणाऱ्या पॉल रिव्हियरने महिनाभराच्या आत त्याचं कोरीव चित्र विकायला काढलं. त्यात सैनिक शिस्तीत रांग धरून उभे, अधिकारी तलवार उगारून हुकूम देतोय, समोर निःशस्त्र माणसं, आणि मागे जकात कचेरीवर 'कसाईखाना' अशी पाटी. प्रत्यक्षात गोंधळ होता; जमाव बर्फाचे गोळे आणि लाकडं फेकत होता. शिवाय चित्र चक्क उचललेलं! मूळ हेन्री पेलम या चित्रकाराचं. त्याने रिव्हियरला संतापून पत्रही लिहिलं. खटल्यात वकील जॉन अॅडम्सने सैनिकांची बाजू मांडली. आठांपैकी सहा सुटले, दोघे सदोष मनुष्यवधाचे दोषी ठरले. पण निकाल लागला डिसेंबरात. चित्र मार्चपासूनच विकलं जात होतं.

१७७४ मध्ये 'मॅसॅच्युसेट्स स्पाय' या वर्तमानपत्राच्या शीर्षकाखाली तोच साप ब्रिटिश ड्रॅगनवर फणा काढून उभा राहिला. कोरणारा होता पॉल रिव्हियर.