एमसीएस १५ म्हणजे नेमका किती वेग?

वायरलेस जोडणीच्या वेगाची चर्चा निघाली की ‘एमसीएस’ (मॉड्युलेशन अँड कोडिंग स्कीम) हा आकडा हटकून येतो. राउटरच्या लॉगमध्ये तो असतो, मोबाइल नेटवर्कच्या ड्राइव्ह टेस्टमध्येही (गाडीतून फिरत केलेल्या मोजणीत) असतो. वाचणारा बहुतेक वेळा धरून चालतो की आकडा मोठा तर वेग मोठा. खरं तर तो तक्त्यातल्या ओळीचा क्रमांक आहे, इतकंच. ओळ कोणत्या तक्त्यातली, हे कळल्याशिवाय त्याला काही अर्थ नाही, आणि गेल्या पंचवीस वर्षांत असे तक्ते बरेच झाले.

मॉड्युलेशन आणि कोडिंग ही मुळात दोन वेगळी खाती. गोंगाटाच्या वाहिनीतून जास्तीत जास्त किती बिट बिनचूक नेता येतील, याची मर्यादा १९४८ मध्येच सूत्रात मांडली गेली होती, पण तिथवर पोचायचं कसं हे त्या सूत्रात नव्हतं. मॉड्युलेशनच्या खात्यातले लोक एका सिम्बॉलमध्ये (सिग्नलच्या एका ठोक्यात) जास्त बिट कसे कोंबायचे ते पाहत, दुसऱ्या खात्यातले चुका दुरुस्त करण्यासाठी जादा बिट जोडत. १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ट्रेलिस पद्धतीने दोन्हींची आखणी एकत्र करून दाखवली, आणि तिचा पहिला मोठा फायदा टेलिफोनच्या मोडेमना झाला. वायरलेसवाले बराच काळ जुन्या, खात्रीच्या कोडवरच राहिले. १९९९ च्या ५४ मेगाबिटवाल्या वाय-फायमधला कन्व्होल्यूशनल कोड हा व्हॉयेजर यानांनी ग्रहांपलीकडून माहिती पाठवायला वापरलेलाच आहे.

मोबाइलच्या बाजूला या नावाची जडणघडण सरळ दिसते. जीपीआरएस या जुन्या मोबाइल डेटा सेवेत मॉड्युलेशन एकच होतं, बदलायचं ते फक्त कोडिंग. म्हणून योजनांची नावं सीएस-१ ते सीएस-४ (सीएस म्हणजे कोडिंग स्कीम), आणि वेग एका टाइमस्लॉटला ९.०५ ते २१.४ किलोबिट. तिच्या पुढच्या आवृत्तीत, एजमध्ये, एका सिम्बॉलमध्ये तीन बिट नेणारं ८-पीएसके मॉड्युलेशन आलं, तेव्हा ‘सीएस’च्या आधी ‘एम’ लागला आणि एमसीएस-१ ते एमसीएस-९ असा तक्ता झाला. त्यातल्या चौथ्या आणि पाचव्या ओळी शेजारीशेजारी ठेवून बघण्यासारख्या आहेत. एमसीएस-४ मध्ये जुनंच मॉड्युलेशन, पण कोडिंगचं संरक्षण जवळपास शून्य, वेग १७.६ किलोबिट. एमसीएस-५ मध्ये मॉड्युलेशन वरचं, पण पाठवलेल्या बिटांपैकी जेमतेम ३७ टक्के बिट कामाचे, वेग २२.४. म्हणजे नाजूक मॉड्युलेशन भक्कम कोडच्या कवचात पाठवलं, तर ते साध्या पण उघड्या मॉड्युलेशनपेक्षा पुढे जाऊ शकतं. पुढच्या जवळजवळ प्रत्येक तक्त्यात हीच देवघेव आहे.

वाय-फायला मात्र २००९ पर्यंत एमसीएसची गरजच भासली नाही. ८०२.११ ए आणि जीमध्ये वेग हेच नाव होतं: ६, ९, १२, १८, २४, ३६, ४८, ५४. ५४ चा हिशेब बोटांवर करता येतो. डेटाचे ४८ सबकॅरियर (चॅनलचे बारीक पट्टे), प्रत्येकावर ६ बिट, त्यातले तीन चतुर्थांश कामाचे, म्हणजे एका सिम्बॉलमध्ये २१६ बिट, आणि सिम्बॉल ४ मायक्रोसेकंदांचा. चॅनलची रुंदी ठरलेली, सिम्बॉलची लांबी ठरलेली, त्यामुळे मॉड्युलेशन आणि कोडच्या प्रत्येक जोडीला एकच वेग. (यातला ९ पुढे टिकला नाही. सिम्बॉलमागे एकच बिट नेणाऱ्या बीपीएसकेवर ३/४ कोड (चारातले तीन बिट कामाचे) लावण्यापेक्षा दोन बिट नेणाऱ्या क्यूपीएसकेवर १/२ कोड लावून १२ मिळवणं शहाणपणाचं, म्हणून नंतरच्या तक्त्यांतून ती ओळ गळली.)

८०२.११ एनने हे सगळं मोडलं. रुंदी २० किंवा ४० मेगाहर्ट्झ, गार्ड इंटरव्हल (दोन सिम्बॉलमधली मोकळी जागा) लांब किंवा आखूड, स्ट्रीम (एकाच वेळी समांतर जाणारे माहितीचे प्रवाह) एक ते चार. आता एकाच जोडीचे अनेक वेग होऊ लागले, तेव्हा वेगाच्या नावाने हाक मारणं शक्य नव्हतं आणि क्रमांक आले. इथवर ठीक. पण तक्ता लिहिणाऱ्यांनी स्ट्रीमची संख्याही त्याच क्रमांकात घातली. ० ते ७ एका स्ट्रीमसाठी, ८ ते १५ दोनसाठी, असं करत ३१ पर्यंत. परिणाम असा की २० मेगाहर्ट्झवर एमसीएस ७ म्हणजे ६५ मेगाबिट, आणि त्याच्या पुढचा एमसीएस ८ म्हणजे १३. कारण ८ वर मोजणी पुन्हा बीपीएसकेपासून सुरू होते, फक्त दोन स्ट्रीमवर. एमसीएस ३१ म्हणजे सर्वांत अनुकूल स्थितीत ६०० मेगाबिट, तर एमसीएस ३२ म्हणजे ६! तो ४० मेगाहर्ट्झच्या दोन्ही अर्ध्यांवर तीच माहिती दोनदा पाठवणारा, केवळ तग धरण्यासाठीचा प्रकार. आणि ३३ ते ७६ या क्रमांकांवर वेगवेगळ्या स्ट्रीमना वेगवेगळं मॉड्युलेशन देण्याची सोय होती.

या निर्णयाच्या बाजूने बोलण्यासारखं अगदीच काही नाही असं नव्हे. फ्रेमच्या सुरुवातीच्या ७ बिटांत रिसीव्हरला सगळं कळतं, वेगळा रकाना लागत नाही. एक स्ट्रीम दणकट आणि दुसरा अशक्त असेल तर दोघांना वेगळं मॉड्युलेशन देणं कागदावर सयुक्तिकही होतं. पण ते ४४ क्रमांक बाजारातल्या उपकरणांत जवळपास कुठेच वापरात आले नाहीत, आणि मागे उरली ती गोंधळाची सवय. तक्ता छापण्याआधी तो एखाद्या नेटवर्कवाल्याला नुसता मोठ्याने वाचून दाखवला असता तरी पुरलं असतं, असं मला वाटतं.

२०१३ च्या ८०२.११ एसीमध्ये दुरुस्ती झाली. स्ट्रीम वेगळे काढले, क्रमांक ० ते ९ राहिले, असमान मॉड्युलेशन गेलं. एक विचित्र भोक मात्र राहिलं: २० मेगाहर्ट्झवर एका स्ट्रीमला एमसीएस ९ निषिद्ध. कारण सिग्नलचं नाही, भागाकाराचं आहे. ५२ सबकॅरियर गुणिले ८ बिट गुणिले ५/६ केलं तर ३४६ पूर्णांक दोन तृतीयांश येतात, आणि दोन तृतीयांश बिट कुणी पाठवू शकत नाही. तीन स्ट्रीमला बरोबर १०४० येतात, म्हणून तिथे तोच क्रमांक चालतो.

त्यानंतरच्या पिढ्यांनी वरच्या टोकाला मजले चढवले. वाय-फाय ६ मध्ये १०२४-क्यूएएम (१०२४ वेगळ्या खुणांचं मॉड्युलेशन) आणि एमसीएस १०, ११. वाय-फाय ७ मध्ये ४०९६-क्यूएएम आणि १२, १३. जाहिरातीत हे आकडे चौपट दिसतात, पण सिम्बॉलमागे वाढतात फक्त दोन बिट. ६४ वरून २५६ वर जाताना ३३ टक्के, २५६ वरून १०२४ वर २५ टक्के, १०२४ वरून ४०९६ वर २० टक्के. किंमत मात्र दर वेळी सारखीच, सुमारे ६ डेसिबल जास्त स्वच्छ सिग्नल. राउटरच्या खोलीतून बाहेर पडलं की वरच्या एकदोन ओळी बहुधा सुटतातच.

मोबाइलमध्ये गुंता वेगळ्या वाटेने आला. एलटीईत (४जीत) क्रमांक ० ते ३१, पण शेवटचे तीन फेरपाठवणीसाठी राखलेले. त्यात मॉड्युलेशन सांगितलेलं असतं, कोडिंगचा हिशेब आधीच्या पाठवणीवरून काढायचा. ५जीने तर सुरुवातच तीन तक्त्यांनी केली. पहिल्यातला २७ म्हणजे ६४-क्यूएएम, दुसऱ्यातला २७ म्हणजे २५६-क्यूएएम. सिम्बॉलमागे कामाचे बिट एकात ५.३३, दुसऱ्यात ७.४१. तिसरा तक्ता वेगाऐवजी भरवशासाठी. ५जीच्या डेटाला चुका दुरुस्त करण्यासाठी टर्बो, एलडीपीसी की पोलर कोड द्यायचा, यावर २०१६ मध्ये झालेली खडाजंगी जास्त गाजली (एलडीपीसी जिंकला, पोलरला कंट्रोल चॅनल मिळाला). पण ड्राइव्ह टेस्टचा अहवाल वाचणाऱ्याला अडवतो तो तक्त्यांचा प्रश्न.

आणि वाय-फाय ७ ने जुनी गंमत पुन्हा केली. १३ नंतरचे १४ आणि १५ हे क्रमांक सर्वांत संथ प्रकारांना दिले. एमसीएस १५ मध्ये बीपीएसकेचा प्रत्येक बिट दोन सबकॅरियरवर जातो, म्हणजे वेग एमसीएस ० च्या निम्मा. २० मेगाहर्ट्झवर, एका स्ट्रीमला, ४.३ मेगाबिट. ८०२.११ एनमध्ये त्याच रुंदीवर एमसीएस १५ म्हणजे १३० मेगाबिट होते. असा गोंधळ टाळायला लिनक्सवरची साधनं ८०२.११ एननंतरच्या पिढ्यांसाठी नुसतं एमसीएस न छापता आधी पिढीची अक्षरं लावतात: एसीला व्हीएचटी, वाय-फाय ६ ला एचई, वाय-फाय ७ ला ईएचटी. पुढे स्ट्रीमची संख्याही वेगळी देतात.