फोकर आइनडेकर

पहिल्या महायुद्धातील जर्मनीचे एका आसनाचे, एकपंखी लढाऊ विमान. फिरत्या प्रोपेलरच्या पात्यांना धक्का न लावता त्यांच्यामधून गोळ्या झाडणारी मशीनगन घेऊन लढाईत उतरलेले हे पहिले विमान होय. ई.१ ते ई.४ या चार आवृत्त्या मिळून सुमारे ४०० विमाने बनली, त्यांत ई.३ सर्वाधिक.

निर्माता अँथनी फोकर डच होता. त्याचा जन्म १८९० मध्ये जावा बेटावर झाला आणि कारखाना जर्मनीत श्वेरिन येथे होता. विमानाची मांडणी त्याने फ्रान्सच्या मोरान-सोल्निए विमानावरून उचलली; फक्त धडाचा सांगाडा लाकडाऐवजी पोलादी नळ्यांचा केला.

वैमानिकाने नाक शत्रूकडे वळवून सरळ पुढे गोळ्या झाडाव्यात, हे सर्वांत सोपे. पण मध्ये प्रोपेलर येतो. फ्रेंच वैमानिक रोलाँ गारोसने पात्यांवर आदळणाऱ्या गोळ्या बाजूला वळवणाऱ्या पोलादी पाचरी बसवल्या आणि एप्रिल १९१५ मध्ये काही जर्मन विमाने पाडली. त्याच महिन्यात १८ तारखेला तो जर्मनांच्या हाती लागला. पोलादी वेष्टनाच्या जर्मन गोळ्यांपुढे अशा पाचरी टिकेनात, तेव्हा फोकरच्या कारखान्याने निराळी वाट धरली. इंजिनाबरोबर फिरणारा कॅम (उंचवटा असलेली चकती) एका दांड्याला रेटतो, दांडा बंदुकीचा चाप हलवतो आणि पाते नळीसमोर नसतानाच गोळी सुटते. वैमानिकाच्या हातातील कळ फक्त ही यंत्रणा जोडते. आपण हे ४८ तासांत साधले, अशी बढाई फोकर मारत असे. प्रत्यक्षात श्रेयाचा मोठा वाटा त्याचा अभियंता हाइनरिश ल्यूबे याला जातो. फ्रान्झ श्नायडर या अभियंत्याने तर अशा कल्पनेचे पेटंट १९१३ मध्येच घेतले होते आणि त्यावरून पुढे फोकरशी कज्जा चालला.

बंदूक सोडली तर विमानात विशेष काही नव्हते. ई.३ चे इंजिन १०० अश्वशक्तीचे, वेग ताशी १४० किमी.च्या आसपास. वळण्यासाठी एलेरॉन (पंखांच्या मागच्या कडेचे हलते पट्टे) नव्हते. तारांनी पंखच पिळावे लागत. शेपटीला स्थिर भाग नसल्याने विमान वळवण्याच्या दांड्यावरचा हात सैल सोडण्याची सोय नव्हती. त्यातच मागच्या टाकीतले पेट्रोल हातपंपाने अधूनमधून वरच्या टाकीत चढवायचे.

तरीही ऑगस्ट १९१५ पासून माक्स इमेलमान आणि ओस्वाल्ट ब्योल्के या जर्मन वैमानिकांनी उंचावरून झडप घालून ब्रिटिशांच्या संथ बी.ई.२सी विमानांची दैना केली. जानेवारी १९१६ मध्ये ब्रिटिशांना टेहळणीच्या प्रत्येक विमानासोबत संरक्षणासाठी किमान तीन विमाने पाठवण्याचा हुकूम काढावा लागला. जर्मनांची संख्या खरे तर थोडीच होती. दहशत मोठी होती. यंत्रणेचे गुपित फुटू नये म्हणून सुरुवातीला आइनडेकरला आघाडी ओलांडायची मनाई होती.

फ्रान्सचे न्यूपोर ११ आणि ब्रिटनचे डी.एच.२ ही विमाने आल्यावर हे वर्चस्व संपले. सिलिंडरच्या दोन ओळी असलेल्या इंजिनाचे, दोन बंदुकांचे ई.४ निराशाजनक ठरले. १८ जून १९१६ रोजी इमेलमान आइनडेकरमध्येच मेला. ब्रिटिशांच्या मते त्यांच्या एफ.ई.२बी विमानाने त्याला पाडले; जर्मनांच्या मते यंत्रणा बिघडून त्याच्याच गोळ्यांनी प्रोपेलर फुटला.

८ एप्रिल १९१६ रोजी एक ई.३ चुकून मित्रराष्ट्रांच्या बाजूला उतरले. चाचणीत मोरान-सोल्निए विमान बहुतेक बाबतींत त्याच्याहून सरस निघाले. पकडलेले ते विमान आता लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे. मूळ आइनडेकर म्हणून उरलेले ते एकमेव.